बिनबॅटीचा गडी

क्रिकेटची वही ही मोठी हिशेबी वस्तू आहे. फलंदाजाने किती चेंडू खेळले, किती धावा काढल्या, त्यांत चौकार किती नि षटकार किती. गोलंदाजाने किती षटके टाकली, त्यांतली निर्धाव किती, धावा किती दिल्या आणि बळी किती मिळविले, ह्या सर्वांची नोंद तीत एखाद्या चोख पेढीच्या कीर्दीप्रमाणे सापडते. फार काय, ज्या धावा कोणाच्याच बॅटीतून निघाल्या नाहीत त्या अवांतर धावांनाही तेथे स्वतंत्र जागा राखून ठेवलेली आहे. जागा नाही ती एकाच कामाला. दिवसभर उन्हात उभे राहून ज्याने तीस-चाळीस धावा होऊच दिल्या नाहीत, त्याच्या नावापुढे त्या तीस-चाळीस धावा लिहिण्याची सोय त्या वहीत नाही. त्याने झेल घेतला तर त्याचे नाव येते खरे. परंतु बळी जमा होतो तो गोलंदाजाच्या खात्यावर.

ह्या गोष्टीचा विचार करण्याचा अधिकार आम्हांला आमच्या क्रिकेटमधील पराक्रमाने प्राप्त झाला आहे असे कोणी समजू नये. तरुणपणी आमची नेमणूक बहुधा सीमारेषेजवळ, तीही जेथे चेंडू क्वचितच येई अशा बाजूला होत असे. आणि ह्या नेमणुकीत कर्णधाराचा आमच्या कौशल्याविषयीचा अभिप्राय पुरेसा स्पष्ट होता. तथापि दूर उभे राहणाऱ्याला एक लाभ असतो. त्याला विचार करावयास सवड मिळते, आणि खेळाची सारी रचना त्याला एका दृष्टिक्षेपात दिसते. फलंदाजाला चेंडू दिसतो, गोलंदाजाला यष्ट्या दिसतात. मैदान दिसते ते क्षेत्ररक्षकालाच.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्याला आमच्या पिढीच्या तोंडून अजूनही चटकन औरंगाबाद म्हटले जाते, तेथे आमखास नावाचे एक जुने मैदान आहे. नावातच दरबाराची आठवण आहे. सुटीच्या दिवशी ह्या मैदानावर एका वेळी पाच-सहा सामने चालू असतात, आणि एका सामन्यातला सीमारक्षक दुसऱ्या सामन्यातल्या यष्टिरक्षकाच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. ह्या सर्व सामन्यांचे नियम निरनिराळे असले तरी एक नियम सर्वांत समान आहे: ज्याची बॅट, त्याची पहिली पाळी. चेंडूच्या वर्गणीत ज्याने पैसे घातले असतील त्याची पाळी त्याच्यानंतर. मग ज्याला खरोखर खेळता येते तो. एखाद्याचा धाकटा भाऊ बरोबर आलेला असला, तर त्यालाही कच्चा लिंबू म्हणून का होईना, दोन चेंडू मिळतात. शेवटी उरतो तो ज्याच्याजवळ बॅटही नाही, वर्गणीही नाही आणि मैदानावर वजन असलेला थोरला भाऊही नाही. त्याला सांगण्यात येते, "तू लांब जा." तो लांब जातो. अंधार पडेपर्यंत तो चेंडू आणून देतो, आणि पुष्कळदा त्याची पाळी येण्यापूर्वीच सामना संपतो.

ह्यात कोणाचा दुष्टपणा नाही. गोष्ट एवढीच, की क्रिकेटच्या साऱ्या कामांत क्षेत्ररक्षण हेच एक काम असे आहे, ज्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. बॅटीला पैसे पडतात, पॅडला पडतात. गोलंदाजीलाही निदान स्वतःचा चेंडू आणि सरावाची जागा लागते. झेल घ्यावयास हात असले की पुरे. म्हणूनच ज्याला खेळात शिरावयाचे आहे पण ज्याचा खिसा रिकामा आहे, त्याला जो दरवाजा उघडा सापडतो तो हाच. आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली असावी. खेळणाऱ्याला आपण 'गडी' म्हणतो, आणि घरी पाणी भरणाऱ्यालाही 'गडी'च म्हणतो. फलंदाज हा पहिल्या अर्थाने गडी. क्षेत्ररक्षक दोन्ही अर्थांनी.

आमच्या ह्या शहरात जन्मलेले इक्बाल सिद्दिकी २००१ च्या डिसेंबरात मोहाली येथे इंग्लंडविरुद्ध भारतातर्फे कसोटी सामना खेळले. आणि मूळचे बीडचे संजय बांगर ह्यांचेही कसोटी पदार्पण त्याच सामन्यात झाले. मराठवाड्याला ह्या दोन नावांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावयासच हवा. परंतु वेगवान गोलंदाज घडतो तेव्हा त्याच्या चेंडूच्या कडा लागून उडालेले झेल वर्षानुवर्षे कोणी तरी टिपीत असतो, आणि ते सुटले असते तर त्या गोलंदाजाचे नाव तालुक्याबाहेर गेले नसते. त्या हातांची नावे आज कोणालाही सांगता यावयाची नाहीत.

बॅट मालकाची आणि कष्ट गड्याचे, हा नियम आमखास मैदानावरच्या मुलांनी शोधून काढलेला नव्हे. महाराष्ट्रात तो क्रिकेटइतकाच जुना आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले तरुण पुण्यास आधी पारशांच्या व मग युरोपियनांच्या क्लबात दरमहा तीन-चार रुपयांवर कामाला होते. खेळपट्टी झाडावी, रोलर फिरवावा, जाळी उभारावी, आणि साहेबमंडळींना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. त्या काळचे नामांकित फलंदाज ग्रेग ह्यांना त्यांनी तासन् तास गोलंदाजी केली, आणि त्यातूनच पुढे ते हिंदुस्थानातले अव्वल डावखुरे गोलंदाज झाले. परंतु त्या क्लबात बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्यांना आपल्या संघात घेतले, तेव्हा त्यांनी टाकलेल्या चेंडूला सर्वांनी हात लावला. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात ह्याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांना मिळाले.

बाळूंच्या पुढे दोन-तीन पिढ्यांनी मुंबईत जो गडी निपजला, त्याच्याविषयी लिहावे म्हणूनच आम्ही ही लेखणी हाती घेतली. एकनाथ सोलकर ह्यांचा जन्म १८ मार्च १९४८ रोजी झाला. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मुख्य माळी होते, आणि हे कुटुंब मैदानाच्या कडेलाच एका झोपडीत राहत असे. मुलगा म्हणून एकनाथाला त्या मैदानावर जे पहिले काम मिळाले ते धावफलकावरचे आकडे बदलण्याचे. दुसऱ्यांनी काढलेल्या धावा आपल्या हाताने टांगावयाच्या आणि काढावयाच्या, ह्यात त्याचे बालपण गेले. ह्या मुलाने पुढे जे करून दाखविले ते नेमके त्या फलकावर टांगता येण्याजोगे नव्हते.

त्यांची चढण मोठी वेगाची होती. शाळकरी खेळाडूंच्या संघातून ते १९६४ साली सिलोनला गेले; १९६५-६६ मध्ये लंडनच्या शाळांविरुद्ध खेळलेल्या भारतीय शालेय संघाचे ते कर्णधार होते, आणि त्या संघात सुनील गावसकर व मोहिंदर अमरनाथ होते. १९६९ साली हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. १९७७ च्या जानेवारीत कलकत्त्यास शेवटची. एकंदर २७ कसोटी सामने, १०६८ धावा, सरासरी २५.४२, आणि १८ बळी. वही मिटून ठेवणारा म्हणेल, बरा खेळाडू होता. परंतु त्याच वहीच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा आहे: ५३ झेल. म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन. वीस किंवा त्यांहून अधिक कसोट्या खेळलेल्यांत, यष्टिरक्षक वगळले तर, हे प्रमाण कोणीही गाठलेले नाही.

हे झेल कोठे घेतले हे कळल्यावाचून त्यांची किंमत कळावयाची नाही. फॉरवर्ड शॉर्ट लेग ही जागा फलंदाजापासून अवघ्या चार-पाच हातांवर असते. तेथे उभ्या असलेल्या माणसाला चेंडू पाहून हात हालवावयास वेळ नसतो. फलंदाजाचा पाय आणि मनगट पाहूनच त्याला आधी हालावे लागते. सोलकर तेथे डोक्यावर काहीएक न घेता उभे राहत, कारण हेल्मेटचा प्रघात त्यांच्या कारकीर्दीनंतरचा. अनेक वर्षांनी, १९९८ च्या फेब्रुवारीत, रमण लांबा हे आपले माजी कसोटीपटू ढाक्यास एका सामन्यात हेल्मेटवाचून ह्याच जागी उभे असताना चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांत त्यांचा अंत झाला. सोलकर ह्या मृत्यूच्या टप्प्यात कित्येक वर्षे, सत्र दर सत्र, वाकून उभे होते. एका सामन्यासाठी धैर्य दाखविणे निराळे, आणि जेथे धैर्याचा पगार दुसऱ्याच्या नावावर जमा होतो तेथे ते रोजच्या कामासारखे दाखविणे निराळे.

बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकटराघवन ह्या चौघा फिरकी गोलंदाजांचे गुणगान आपण घरोघर ऐकतो. फिरकीची जात अशी आहे, की तिने फलंदाज फसतो, पण बाद होतो तो जवळ उभ्या असलेल्याच्या हातून. १९७१ च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरविले, त्या सामन्यात सोलकरांनी ६ झेल घेतले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला लंडनच्या ओव्हल मैदानावर अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी विजय मिळविला. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरांचे ६ बळी ३८ धावांत. हे आकडे त्या पिढीला पाठ आहेत. फ्लेचर आल्या पावली परतला तो सोलकरांच्या हातून, चंद्रशेखरांच्या चेंडूवर. पहिल्या डावात ९० धावा काढणारा ॲलन नॉट हा खरा धोका होता. तो वेंकटच्या चेंडूवर पुढे वाकला, आणि सोलकरांनी जमिनीलगत संपूर्ण अंग लांबवून तो झेल बोटांच्या टोकांवर घेतला. नॉटची १ धाव झाली होती. त्या क्षणाचे छायाचित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना सामना कोणी फिरविला हे सांगावे लागत नाही. पण वहीत तो बळी वेंकटचा आहे. सोलकरांनी त्याच सामन्यात ४४ धावा काढल्या आणि पहिल्या डावात २८ धावांत ३ बळी घेतले होते, हे तर पुष्कळांना आठवतही नाही.

येथे एका दूरच्या देशाकडे वळणे उपयोगाचे होईल. अमेरिकेत क्रिकेटच्या जागी बेसबॉल खेळतात. त्या खेळात मैदान राखणारे नऊ गडी असतात, आणि त्यांतले तिघे, एक डावीकडे, एक मध्ये व एक उजवीकडे, दूरच्या हिरवळीवर उभे राहतात. त्या खेळाची हिशेबाची पद्धत बसविण्यात ज्याचा मोठा हात, तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडातला. क्रिकेटच्या वार्ता देणारा बातमीदार. क्रिकेटचीच वही त्याने समुद्रापलीकडे नेली. परंतु तेथे क्षेत्ररक्षकालाही त्याची ओळ मिळाली. त्याने किती जणांना बाद केले ते एका रकान्यात. त्याने दुरून फेकलेल्या चेंडूने दुसऱ्या गड्याकरवी कोणी बाद झाला, तर ते साहाय्य म्हणून दुसऱ्या रकान्यात. आणि हातचा चेंडू त्याने सोडला, तर ती चूक म्हणून तिसऱ्या रकान्यात. ज्याचे श्रेय लिहावयाचे त्याचा दोषही लिहावयाचा. हिशेब सरळ झाला. १९५७ पासून तर तेथे उत्तम क्षेत्ररक्षकांना सोनेरी हातमोज्याचे पारितोषिक देण्यात येते.

ह्या पद्धतीने एका माणसाची कारकीर्द कशी नोंदली गेली ते पाहा. रॉबर्टो क्लेमेंटे हे पोर्तो रिको बेटावरचे. त्यांचे वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षे ते पिट्सबर्गच्या संघातून उजव्या बाजूच्या हिरवळीवर उभे राहिले. त्यांनी बॅटीने नेमके ३००० यशस्वी फटके मारले, ही झाली सर्वत्र मिळणारी कीर्ती. परंतु त्यांच्या नावापुढे २६६ साहाय्ये आहेत, आणि १९६१ पासून ओळीने १२ वर्षे सोनेरी हातमोजा आहे. ज्या १९७१ साली ओव्हलवर सोलकरांनी नॉटचा झेल घेतला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्लेमेंटे आपल्या संघाच्या अजिंक्यपदाच्या मालिकेतले सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. पुढच्या वर्षीच्या अखेरच्या दिवशी, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारे त्यांचे विमान समुद्रात कोसळले. त्यांचे वय ३८ होते. अमेरिकेच्या वहीने त्यांच्या हातांना पुरता न्याय दिला होता, एवढे तरी समाधान त्यांच्या चाहत्यांना राहिले.

पुरता न्याय असे आम्ही लिहिले खरे, परंतु त्यालाही एक मर्यादा आहे. २०१५ पासून अमेरिकेतल्या मोठ्या मैदानांवर अशी यंत्रे बसविली आहेत, की दूरचा गडी चेंडूसाठी किती धावला आणि तो झेल किती अवघड होता हेदेखील ती मोजतात. तरीही उजव्या हिरवळीवर क्लेमेंटे आहेत हे पाहून जो धावपटू पुढच्या तळाकडे निघालाच नाही, त्याची नोंद कोणत्या यंत्राने करावी? सोलकर समोर वाकून उभे आहेत म्हणून ज्या फलंदाजाने पाय पुढे टाकला नाही, आणि म्हणून दोन षटकांनी दुसऱ्याच कोणाच्या हाती जो बाद झाला, तो बळी कोणाचा? उत्तम क्षेत्ररक्षकाची खरी कमाई ही पुष्कळ अंशी न घडलेल्या गोष्टींची असते. आणि न घडलेल्या गोष्टी लिहावयाची सवय मनुष्यजातीला नाही.

आमच्यासारख्या मध्यम स्थितीतल्या घरांना हे सांगावे लागू नये. आमच्या लहानपणी घराघरांत खर्चाची एक वही असे. तीत जमेच्या बाजूला पगार लिहिलेला असे आणि त्यापुढे मिळविणाऱ्याचे नाव. खर्चाच्या बाजूला दूध, किराणा, मुलांची फी. परंतु जुने लुगडे उसवून त्याचे दुपटे शिवले गेले, उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे-पापड झाले, आजारपण रात्रभर उशाशी बसून निभावले गेले, आणि त्यामुळे जो खर्च झालाच नाही, तो त्या वहीत कोठेही सापडावयाचा नाही. त्या वहीवरून घराचा इतिहास लिहू गेल्यास ते घर एकट्या पगाराने चालले असेच सिद्ध होईल. ज्या घरात आपण वाढलो ते तसे चालले नव्हते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

काळ पालटला आहे हेही नमूद केले पाहिजे. १९९३ साली मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सने एका डावात ५ झेल घेतले, तेव्हा सामन्याचा मानकरी म्हणून त्याचीच निवड झाली. धावबाद झालेल्या फलंदाजापुढे पूर्वी नुसतेच 'धावबाद' लिहीत. आता चेंडू फेकणाऱ्याचे नावही पुष्कळ ठिकाणी छापतात. मर्यादित षटकांच्या खेळाने वाचविलेली धाव ही काढलेल्या धावेइतकीच असते हे साधे गणित संघचालकांना शिकविले आहे, आणि क्षेत्ररक्षणासाठी निराळे शिक्षक नेमले जातात. हे सर्व उत्तमच झाले. परंतु ह्या सुधारणेचा लाभ वरच्या मैदानांना मिळाला. खाली, जेथे बॅट अजून कोणाच्या तरी मालकीची असते, तेथे लांब पाठविलेल्या मुलाची स्थिती पूर्वीचीच आहे.

सोलकर २६ जून २००५ रोजी मुंबईत वारले, वय ५७. त्यांच्या हातून फलंदाजीही पुष्कळ झाली होती. १९७५ च्या जानेवारीत वानखेडे स्टेडियमवर जो पहिलाच कसोटी सामना झाला, त्यात वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी १०२ धावा काढल्या. माळ्याच्या मुलाला बॅट मिळाली, आणि तिचे त्याने सोने केले. परंतु ती त्याला मिळाली ती त्याच्या हातांवर कोणाची तरी नजर गेली म्हणून. अशी नजर न गेलेले किती एकनाथ कोणकोणत्या मैदानांच्या कडेला उभे राहून घरी गेले असतील, हा हिशेब कोणत्याही वहीत नाही, आणि आम्हांला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा आमची एक लहानशी सूचना आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांत वही लिहिण्याचे काम बहुधा एखाद्या विद्यार्थ्याकडे असते. त्याने पट्टी घेऊन शेवटी एक रकाना अधिक आखावा, आणि त्यात ज्या गड्याने धाव अडविली त्याचे नाव व अडविलेली धाव लिहावी. सोडलेला झेलही तेथेच लिहावा, म्हणजे पक्षपात व्हावयाचा नाही. अंदाजात थोडे कमीजास्त होईल. आपण उत्तरपत्रिका तपासतो तेव्हा तरी दुसरे काय होते? सामना संपल्यावर त्या रकान्याची बेरीज मोठ्याने वाचून दाखवावी, आणि जो त्यात पहिला येईल त्याला पुढच्या सामन्यात पहिल्या तिघांत फलंदाजीला पाठवावे. ह्याला पैसा लागत नाही. एक पट्टी, एक पेन्सिल, आणि दूर उभ्या असलेल्या मुलाकडे अधूनमधून पाहण्याची सवय, एवढे पुरे आहे.